घर स्वच्छ आढळले

३ जून

प्रिय गोगलगाय,

तुझं तीन पानी पत्र मिळालं. सुताराच्या सुनेला मुलगी झाली, गुलाबाला कीड लागली, तुझ्या कानातल्या यंत्राची बॅटरी पुन्हा संपली. आणि अगदी शेवटी, कागद पुरला नाही म्हणून समासात आडवं लिहिलेलं एक वाक्य: 'नदीकडच्या गल्ल्यांत विजेच्या खांबांवर लाल पट्टे मारून गेलेत, कशाला ते कळलं नाही.'

असं लिहितात का गं? शाळेत मदर आपल्याला काय शिकवत होत्या? पत्रात आधी डोळ्यांनी पाहिलेलं, वेळ आणि जागा देऊन. मग एक ओळ रिकामी. मग मनाला वाटलेलं. तुला हे पन्नास वेळा लिहायची शिक्षा झाली होती, कारण तुझ्या निबंधाची सुरुवातच 'मला फार रडू आलं' अशी असायची.

लाल पट्टा म्हणजे पाणी तिथपर्यंत चढू शकतं. आपल्या फाटकाजवळच्या खांबावर तो किती उंचीवर आहे ते मोजून कळव. विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर मी तीस वर्षं काढली. पूर ओसरल्यावर लोक जे कागद शोधत बसतात ते पूर येण्याआधी शोधायचे असतात, एवढं एकच शहाणपण मी तिथून घेऊन आले. दादाने मागच्या दोन खोल्यांसाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेने त्याला घराचा विमा उतरवायला लावला होता. कर्ज फिटलं, पण पॉलिसी चालू आहे का? तिच्यात पूर आहे का? दादा जाऊन चार वर्षं झाली, तिच्यावर तुझं नाव लावून घेतलंस ना? आणि घर अजून बाबांच्याच नावावर आहे का? सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माडीवर ठेव.

फोन करत नाही. फोनवर तू सगळ्याला 'हो हो' म्हणतेस आणि एक अक्षर ऐकलेलं नसतं.

तुझी नणंद, आणि त्याच्याही आधीची मैत्रीण,
टाचणी


९ जून

प्रिय टाचणी,

पट्टा माझ्या कमरेच्या वर चार बोटं आहे. सुताराच्या फाटकाशी थोडा खाली, कारण त्यांच्याकडे रस्ता चढतो. आपलं जोतं पाच पायऱ्यांचं असल्यामुळे पट्टा आपल्या पाचव्या पायरीच्या जरा वर येतो. मी दोरी धरून पाहिलं. पट्टा मारणाऱ्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "काकू, घाबरू नका, नुसता रंग आहे."

बघ, जमलं की नाही? आता मनाला वाटलेलं. तुझं पत्र आलं की मला अजून वर्गात उभं केल्यासारखं होतं. बासष्ट वर्षांची झाले तरी. कागद सगळे आहेत. बँकेचं पाकीट दर वर्षी येतं, हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, मी पाहिलंय. पॉलिसीत पूर आहे. सुताराच्या सुनेने बारीक अक्षरं वाचून दाखवली. नावाचं काय ते बघते. पिशवी माडीवर नेऊन ठेवली.

खिडक्यांचा रंग उडालाय. तुझा दादा दर दोन वर्षांनी स्वतः रंगवायचा आणि दर वेळी काचांवर डाग पाडायचा. ते डाग मी खरवडले नाहीत. तेवढ्यापुरती मी आळशी आहे.

तुझी,
गोगलगाय


२१ जुलै, माडीवरून

प्रिय टाचणी,

सकाळी सहाला पाणी फाटकाशी. आठला तिसऱ्या पायरीवर. नऊला घरात शिरलं, पुढच्या दाराने नव्हे, मागच्या. साडेनऊला जेवणाच्या टेबलाचे पाय बुडाले. अकराला जिन्याखालचा स्विचबोर्ड बुडाला, तोच, ज्याला सातवीच्या सुट्टीत ओला हात लावून तू किंचाळली होतीस. मेन स्विच सुताराने आधीच बंद केला होता. दुपारी बाराला पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर. दोनलाही तिथेच. आता चार वाजलेत, अजून तिथेच. होडीवाले दिवसातून एकदा येतात, त्यांच्याबरोबर हे देते.

मला ऐकू येत नाही हे आज बरं वाटलं असतं, पण घर तळपायांतून ऐकू येतं. खाली भांडी एकमेकांवर आपटत होती. कुणीतरी जेवण उरकून भांडी घासतंय असं वाटत होतं. शिलाई मशीन वर आणता आलं नाही. मी ह्यांच्याशी मोठ्याने बोलत बसले होते, आणि मग तुझी आठवण आली. तू असतीस तर जिन्यावर वही घेऊन बसली असतीस आणि पाण्याचा जबाब लिहून घेतला असतास. मग मी तुला त्याच पाण्यात ढकललं असतं.

ये म्हणत नाही, रस्ता नाही. पण लिही.

गोगलगाय


२४ जुलै

प्रिय गोगलगाय,

टीव्हीवर आपली गल्ली दाखवली. माडीची खिडकी ओळखली, काचेवरच्या डागांवरून.

आता नीट वाच. पाणी ओसरलं की कशालाही हात लावू नकोस. चिखल जिथे आहे तिथे असू दे. भिंतीवर पाण्याची रेघ उमटेल, ती पुसू नकोस. गाद्या, टेबल, मशीन, काही फेकू नकोस. पाकिटावरच्या पत्त्यावर कंपनीला लेखी कळव. कुणाचा फोन चालत असेल तर फोटो काढून घे. कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत घर घाणेरडं राहू दे. हे तुझ्या जिवावर येणार, म्हणून पुन्हा लिहिते: राहू दे.

खालची रिकामी ओळ सोडली आहे. तिच्याखाली लिहायला आज मला काही सुचत नाही. जपून रहा.

टाचणी


६ ऑगस्ट

प्रिय टाचणी,

तुझं चोवीस जुलैचं पत्र आज मिळालं. इथलं पोस्ट अकरा दिवस बंद होतं. सर्व्हेअर परवा येऊन गेला.

पाणी तेवीसला ओसरलं. त्याच दिवशी मी कंपनीला लिहून होडीवाल्यांकडे दिलं, तेवढी अक्कल होती. सुताराचा फोन पाण्यात गेलेला, म्हणून फोटो नाहीत. सरकारी कचेरीची माणसं पडलेली घरं मोजायला आली होती. आपलं उभं आहे म्हणून पुढे गेली. दोन दिवसांनी होडीवाल्यांच्याच हाती कंपनीचा निरोप आला की चार ऑगस्टला माणूस येईल. मग मी आणि सुतारीणबाई मिळून आठ दिवस बादल्यांनी चिखल काढला. फरशी सोड्याने घासली. गाद्या कुजल्या होत्या, त्या मागे नेऊन जाळल्या. टेबलाची लाकडं फुगून उकलली होती, तीही त्यातच. मशीन भंगारवाल्याने नेलं. मग खालच्या सगळ्या खोल्यांना चुना दिला, खालपासून वरपर्यंत.

तरुण माणूस होता. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आला. उंबऱ्यात उभा राहिला, आत पाहिलं, आणि पिशव्या सोडून खिशात घातल्या.

"पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मी हाताने दाखवलं.

"रेघ कुठंय?"

"पुसली."

"गाद्या? लाकडी सामान?"

"जाळलं."

"काहीच ठेवलं नाहीत?"

"घाण कशाला ठेवायची?"

तो बिचारा चहा प्यायला. म्हणाला, गल्लीत पाणी होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण तुमचं जोतं उंच. आत आलं हे मी कशावरून लिहू? मागच्या भिंतीला तडा गेलाय तो दाखवला, तर म्हणाला, तडा जुनाही असू शकतो. मग त्याने कागदावर लिहिलं, आणि मला ऐकू येत नाही म्हणून ओरडून वाचून दाखवलं: "घर स्वच्छ आढळले. पाणी आत शिरल्याच्या खुणा दिसत नाहीत."

इथून खाली फक्त तुझ्यासाठी. त्यातलं पहिलं वाक्य ऐकून मला बरं वाटलं. दुसरं कळायला वेळ लागला. परका माणूस घरी येणार, तोही साहेब, आणि त्याला बाबांचं घर चिखलात दाखवायचं, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मदर वसतिगृहात यायच्या तेव्हा आपण कॉटखालीसुद्धा पुसायचो, आठवतं ना?

आणि आणखी एक. त्याने विचारलं, पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे ते कुठे आहेत? मी म्हणाले, बाहेर गेलेत.

मी बँकेला कळवलंच नाही, टाचणी. चार वर्षांत नाही. वर्षातून एकदा त्यांच्या नावाचं पाकीट येतं. पोस्टमन फाटकाशी उभा राहून ते उंच धरतो, म्हणजे मला लांबून नाव वाचता यावं. तेवढंच एक पाकीट उरलंय. नाव बदललं की तेही माझ्या नावाने येणार.

आता रागव.

गोगलगाय


१२ ऑगस्ट

प्रिय गोगलगाय,

रागवायला बसले होते. तुझं पत्र पुढे ठेवलं, पेन उघडलं, आणि 'घर स्वच्छ आढळले' इथे अडकले.

हे वाक्य मी ओळखते. तो मुलगा ते शिकला कुठे? आमच्यासारख्यांकडून. पुराच्या वर्षी फायलींचे गठ्ठे यायचे. सर्व्हेअरचा हा शेरा दिसला की फाईल वाचायला दोन मिनिटं पुरायची. खाली 'नामंजूर', सही, पुढची. आम्ही हसायचोसुद्धा. एका फाईलमधल्या बाईने पडदे धुऊन, इस्त्री करून पुन्हा लावले होते. माझ्या शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, पूर आला होता की पाहुणे? मी हसले होते, गोगलगाय. ती बाई कोण होती कुणास ठाऊक. घरं कोण पुसतं आणि का पुसतं, हे तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. आणि मी बाई, आणि आपल्याच शाळेतली.

ह्या वेळी मनाला वाटलेलं आधी लिहिलं. मदरनी माफ करावं.

आता काम. कंपनीला आजच लिही की पॉलिसीधारक चार वर्षांपूर्वी वारले, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. मृत्यूचा दाखला जोड. हप्ता भरलेला आहे, घर तेच आहे, तेव्हा दावा वारसाला करता येतो. पण खोटं फाईलमध्ये राहिलं तर सगळंच जाईल. बँकेलाही कळव. पाकिटाचं मला समजतं, पण कळव.

दुसरं, घर बाबांच्या नावावर, म्हणजे दादाच्या मागे तू आणि मी. इथे वर्तमानपत्रात वाचलं की लाल पट्ट्याखालची घरं सरकारला देऊन टाकली तर उंचावर जागा मिळणार आहे आणि बांधायला थोडी मदत. अर्ज तीस सप्टेंबरपर्यंत. विमा मिळाला तर मागची भिंत बांधून तू तिथेच राहू शकतेस, नाहीतर हा दुसरा मार्ग. ठरवायचं तू. मी मध्ये पडणार नाही. सोबत हक्कसोडपत्र आहे, इथे नोंदवून आणलंय. माझा हिस्सा तुझ्या नावे.

टाचणी


२५ ऑगस्ट

टाचणी,

तुझं हक्कसोडपत्र आणि कंपनीचं उत्तर एकाच टपालाने आलं. कंपनी म्हणते, दावा नामंजूर. तू म्हणतेस, माझा हिस्सा तुझ्या नावे. एकाच दिवशी दोघांनी हात झटकले.

बरं झालं. भिंत पडायला आलेलं घर कुणाला हवंय? इतकी वर्षं सुट्टीत आलीस की माडीच्या खिडकीपाशी बसून म्हणायचीस, ही जागा माझी. आता शिक्का मारून सांगितलंस की नाही. ठरवायचं तू, मध्ये पडणार नाही, हे परक्याला लिहितात तसं लिहिलंस. तुझा दादा असता तर त्याला असा कागद पाठवला असतास का?

बँकेला आणि कंपनीला कळवलं. मी सही कुठे करायची तेवढं सांग.


२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

पंचेचाळीस वर्षांत तुला पहिल्यांदा वहिनी म्हणतेय. ऐकून घे.

तू सही विसरलीस. पत्राखाली नाव नाही. इतका राग.

हक्क सोडला, माहेर सोडलेलं नाही. माझं नाव त्या घरावर आहे तोवर कचेरी तुझ्या एकटीच्या सहीने एक कागद हलवू देणार नाही. प्रत्येक अर्जाला माझी सही, माझा दाखला, माझं समोर उभं राहणं. मी इथे दोन दिवसांच्या वाटेवर, गुडघे असे. सप्टेंबर संपला की अर्ज बंद. अशा कितीतरी फायली पाहिल्यात मी, जिथे एक वारस लांब राहिला आणि घरात राहणारीला काहीच मिळालं नाही. म्हणून हात झटकले नाहीत, बाजूला घेतले. हे तेव्हाच दोन ओळींत लिहायला हवं होतं. मला वाटलं, कागद बोलेल. कागद कधी बोलत नाहीत. तीस वर्षं कागदांत काढून हे तुझ्याकडून कळतंय.

आणि 'ठरवायचं तू' का म्हणाले, तेही सांगते. मी ठरवलं असतं तर म्हणाले असते, तिथेच रहा. माझ्या खिडकीसाठी. रात्री पाणी चढलं तर तुला ऐकूसुद्धा येणार नाही, आणि मी इथे कोरड्यात बसून सांगणार, तिथेच रहा. असं बोलायचा हक्क मला नको होता.

आता दावा. नामंजुरीवर अपील असतं, साठ दिवसांत. पुरावा काय, तर आमच्याकडे एक जुनी गोष्ट होती जी कुणी फारशी वापरत नसे: नुकसान होत असताना, दाव्याचा विचार मनात नसताना लिहिलेला कागद. तुझं एकवीस जुलैचं पत्र माझ्याकडे आहे. तारीख आहे, तास आहेत, पायऱ्या आहेत, पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे. मदरच्या त्या पन्नास ओळी आज उपयोगी पडल्या.

पण मूळ पत्र द्यावं लागेल, अख्खं. रिकाम्या ओळीच्या खालचंही. त्यात तू दादाशी बोलत होतीस ते आहे आणि मला पाण्यात ढकलणार होतीस तेही. तुझी परवानगी हवी.

आणि एक विचारते, खरं लिही. जिन्याखालचा स्विचबोर्ड तू आतून पुसलास का?

टाचणी


८ सप्टेंबर

प्रिय टाचणी,

स्विचबोर्ड बाहेरून ओल्या फडक्याने पुसला आणि वरून चुन्याचा हात मारला. आतून नाही. विजेला कोण हात लावतो? वायरमनने खालचं सगळं तोडून ठेवलंय आणि माडीपुरती वेगळी तार ओढून दिली आहे. तो बोर्ड कुणी उघडलेला नाही.

पत्र पाठव. तुझ्याबद्दल लिहिलेलं सगळं खरंच आहे, साहेबांना कळलं तर कळू दे. ह्यांच्याबद्दलचं मात्र वाचताना त्यांनी जरा बेताने वाचावं.

मागच्या पत्राला सही नव्हती, कारण काय लिहू ते कळेना. तुझी मैत्रीण म्हणवत नव्हतं आणि दुसरी कुणी मी नाही. हक्कसोडपत्र पिशवीत नीट ठेवलं आहे. काल सुतारीणबाईने विचारलं, नणंदेने काय पाठवलं? मी म्हणाले, भांडायला विषय.

वहिनी म्हणू नकोस. घाबरायला होतं.

गोगलगाय


१९ सप्टेंबर

प्रिय टाचणी,

काल दुपारी तीनला दुसरे सर्व्हेअर आले. तुझ्या-माझ्या वयाचे, चष्मा कपाळावर. हातात माझ्या पत्राची प्रत. ते घर बघतच नव्हते, पत्र बघत होते. फाटकाशी उभे राहून म्हणाले, "सहा वाजता." तिसऱ्या पायरीवर, "आठ." मागच्या दाराशी गेले, चौकटीला नखाने उकरलं, आतलं लाकूड काळं निघालं. "नऊ." टेबल होतं तिथली रिकामी जागा मी दाखवली. मग जिन्याखाली वाकले, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि बोर्डाचे चार स्क्रू फिरवले.

झाकण निघालं तसा आतून चिखल बाहेर पडला, टाचणी. सुकून घट्ट झालेला, पेटीच्याच आकाराचा, वडी पाडावी तसा. फरशीवर पडून त्याचे तीन तुकडे झाले. मी केरसुणी आणायला धावले. त्यांनी हात आडवा केला. "बाई, थांबा. झाडू नका."

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा केर समोर असताना हात बांधून उभी राहिले. त्यांनी फोटो काढले, पट्टी लावून उंची मोजली, तुकडे पाकिटात भरले. जाताना म्हणाले, "मी पत्रातलं वरचंच वाचलंय हं, खालचं नाही." फाटकापर्यंत गेले आणि मागे वळून विचारलं, "नणंदबाई फार कडक आहेत का हो?"

मी म्हटलं, फार.

त्यांनी भिंतीच्या तड्यावरही हात फिरवला होता. मी विचारलं, बांधून घेऊ का? म्हणाले, "दावा मंजूर होईल असं मी लिहितोय. भिंतीचं विचाराल तर ती उभी करता येईल, पण नदी काही मी हलवू शकत नाही."

आता खालचं. रात्रभर त्याच वाक्याशी बसले होते. सकाळी सुताराबरोबर उंचावरची जागा पाहून आले. झाड नाही, सावली नाही, वारा कानातल्या यंत्रात नुसता घोंघावतो. शेजारी सुताराचं घर येणार. खाली वाकून पाहिलं तर नदी इतकी लांब आणि इतकी शहाणी दिसत होती की मला तिचा राग आला.

तू मला गोगलगाय का म्हणतेस ते आठवतं? वसतिगृहातून सगळं सामान पाठीवर घेऊन वर्गात यायचे म्हणून. दुसरी म्हणही आहे, पोटात पाय. चार वर्षं एक पाकीट लपवून मी तीही खरी केली. अर्ज उद्या देते. तुझी खिडकी मात्र चौकटीसकट काढून घेणार आहे. सुताराने कबूल केलंय.

गोगलगाय


२७ सप्टेंबर

प्रिय गोगलगाय,

खिडकीचं वाचलं. काचा खरवडू नकोस.

पडद्यांची बाई मनातून जात नाही. कंपनीत अजून एक ओळखीचे आहेत. त्यांना लिहिलंय की सर्व्हेअरच्या छापील कागदावर एक प्रश्न वाढवा: साफसफाई कुणी, कधी केली, आणि बंद राहिलेल्या जागा उघडून पाहिल्या का. करतील न करतील. त्या बाईला त्याचा काही उपयोग नाही.

टाचणी


१२ डिसेंबर

प्रिय टाचणी,

नवा पत्ता पाकिटावर लिहिला आहे. दोन खोल्या, एक ओटा, पूर्वेला तुझी खिडकी. विम्याची रक्कम ऑक्टोबरच्या शेवटी आली आणि सगळी इथे लागली. ह्या घराचाही विमा उतरवला. परवा पोस्टमन आला, नवा आहे, त्याला माझं माहीत नाही, तरी त्याने पाकीट उंच धरलं. त्यावर माझं नाव होतं. मी ते घ्यायला जरा उशीरच केला.

काल सकाळी दहाला जुन्या घराचा ताबा दिला. पुढच्या महिन्यात पाडणार. कचेरीतली एक बाई आणि एक शिपाई आले होते. त्याआधी दोन दिवस मी खाली जाऊन राहिले. फरशी घासली. जिन्याच्या बाराही पायऱ्या पुसल्या, सातवी दोनदा. कपाटांच्या जागी भिंतीवर चौकोन उरले होते, त्यांना चुन्याचा हात दिला. सुतारीणबाई म्हणाली, अहो, पाडणार आहेत ते. मी म्हटलं, ऐकू येत नाही. नळ घट्ट बंद केले. स्विचबोर्डाचं झाकण आपल्या हाताने लावलं, चारी स्क्रू.

कचेरीतली बाई खोल्या-खोल्यांतून हिंडली. माडीवर गेली, खाली आली, चपला हातात घेऊन. मग पायरीवर बसून पावती लिहिली. किल्ल्या तीन, दारं पाच, खिडक्या सात, एक काढून नेलेली. शेऱ्याच्या जागी पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

पावतीची प्रत सोबत आहे. शेवटची ओळ वाच. तुझ्याकडच्या त्या सगळ्या फायलींत ही एक लाव.

तुझी,
गोगलगाय